गोतावळा, दिवसकार्य आणि ‘कायम’ झालेली नोकरी

मराठी दैनिकांतील निधनवार्तेचा साचा गेल्या कित्येक दशकांत फारसा बदललेला नाही. मृताचे नाव, वय, अंत्यसंस्काराचे ठिकाण आणि त्यानंतर ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक विवाहित कन्या, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे’ हे ठरलेले वाक्य. बहुतेकदा त्याच्याही पुढे आणखी एक वाक्य येते. ‘अमुक बँकेचे शाखाधिकारी तमुक यांचे ते वडील होत.’ वृत्तपत्रात उमेदवारी करणाऱ्या प्रत्येकाच्या हातून हे वाक्य शेकडो वेळा लिहिले जाते. गेलेल्या माणसाच्या बातमीत हयात माणसाचा हुद्दा कशासाठी, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

त्याचे उघड कारण व्यावहारिक आहे. मुलाच्या कार्यालयातील सहकाऱ्यांना, शाळासोबत्यांना, जुन्या शेजाऱ्यांना ओळख पटावी आणि भेटायला कोणाकडे जायचे ते कळावे. दुसरे कारण कोणी बोलून दाखवत नाही. मुलगा शाखाधिकारी झाला, मुलगी प्राध्यापिका झाली, ही त्या गेलेल्या माणसाच्या आयुष्याची जमेची बाजू मानली जाते आणि ती अखेरच्या हिशेबात मांडली जावी, अशी घरच्यांची इच्छा असते. नोकरीतील टप्पे आणि नातेवाइकांचा गोतावळा या दोन गोष्टी आपल्याकडे एकमेकींना सर्वांत जवळ येतात त्या अशा प्रसंगी. दहाव्याला, तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला जेवणाची पंगत उठली, की ओसरीवर नाहीतर कार्यालयाच्या जिन्याजवळ सुरू होणाऱ्या गप्पा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

लग्नाला बोलावणे लागते. पत्रिका कोणी आणून दिली, पोस्टाने पाठवली की नुसतीच मोबाइलवर धाडली, यावरून मानपान ठरतो आणि रुसवेफुगवेही. मृत्यूला बोलावणे नसते. तो फक्त कळवला जातो, आणि कळल्यावर जाणे हे कर्तव्य मानले जाते. त्यामुळे बांधाच्या वादावरून वीस वर्षे एकमेकांच्या दारात न गेलेले चुलतभाऊ लग्नाला येत नाहीत, पण दिवसकार्याला येतात. आमंत्रणाचा प्रश्नच नसल्याने तेथे कोणाचाही पाय मागे राहत नाही.

येणारे कोण, याचेही एक शास्त्र आहे. धर्मशास्त्राने सपिंडांना, म्हणजे पित्याच्या बाजूच्या सात पिढ्यांपर्यंतच्या आप्तांना, दहा दिवसांचे आशौच सांगितले. त्याहून दूरच्या समानोदकांना ते तीन दिवसांचे, आणि विवाहित मुलीला माहेरच्या आईवडिलांचेही तीनच दिवसांचे. दहाव्या दिवशी दशक्रिया आणि पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणे, अकराव्याचे एकोद्दिष्ट, बाराव्याचे सपिंडीकरण आणि तेराव्याला शांत करून गोड जेवण, असा तो क्रम. सपिंडीकरणात गेलेल्या व्यक्तीचा पिंड तिच्या आधीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिळवला जातो. ‘प्रेत’ ही अवस्था संपून ‘पितर’ ही पदवी लाभते ती येथे. थोडे धाडसाने म्हणायचे तर मृत्यूनंतरही एक बढती असते आणि ती नातेवाइकांच्या साक्षीने होते.

महालय श्राद्धातील नामावळी याहून बोलकी आहे. तेथे पिता, पितामह, प्रपितामह आणि आईकडील तीन पिढ्या यांच्यावर यादी थांबत नाही. पत्नी, पुत्र, कन्या, काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरे, गुरू, शिष्य, आप्त असे सारे त्यात येतात. ‘विस्तारित कुटुंब’ हा समाजशास्त्राच्या पुस्तकातला शब्द; पण भाद्रपदाच्या वद्य पक्षात दर्भ हातात घेऊन बसलेला माणूस त्याची पूर्ण व्याख्याच पाठ म्हणत असतो. इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण या दोन नातेव्यवस्थांच्या मधला प्रदेश असल्याचे दाखवले होते. चुलत, आते, मामे, मावस असे भावंडांचे चार पदर मराठी आजही वेगवेगळे ठेवते. इंग्रजी माध्यमातली नातवंडे सर्वांना ‘कझिन’ म्हणू लागली असली, तरी दिवसकार्याच्या ओसरीवर ‘म्हणजे नक्की कोणाकडून?’ हा प्रश्न त्यांनाही चुकत नाही.

हे सारे केवळ एका धर्माचे वा एका जातीचे नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय विधी करण्याचा मार्ग घालून दिला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध कुटुंबांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदन रूढ झाले. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांत महिन्याची मिस्सा असते, मुस्लिमांत चाळिसावा. विधी निराळे, पण जमलेल्या माणसांतल्या चौकशा मात्र चकित करणाऱ्या सारख्या.

‘पर्मनंट झालास का?’

आणि त्या चौकशांत नोकरीचा क्रमांक पहिला. गेल्या काही वर्षांत नात्यातील चार-पाच दिवसकार्यांना हजेरी लावताना प्रस्तुत लेखकाला पगार, घर, लग्न या साऱ्यांच्या आधी विचारला गेलेला प्रश्न एकच होता. सातारा जिल्ह्यातल्या एका वर्षश्राद्धाला, ऐंशी ओलांडलेल्या एका चुलत आत्यांनी तो असा विचारला, ‘‘पर्मनंट झालास न्हवं? का अजून काँट्रॅक्टवरच हाय?’’ पत्रकाराच्या नोकरीत हल्ली ‘पर्मनंट’ असे काही फारसे उरलेले नाही, हे त्यांना समजावून सांगणे अवघड होते. मी ‘‘चाललंय, आत्या’’ एवढेच म्हणालो, आणि त्यावर त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

‘कायम’ होण्याला आपल्याकडे एवढे महत्त्व का, याचे उत्तर शोधायला गिरणगावात जावे लागते. कोकणातून आणि घाटावरून मुंबईला आलेला तरुण आधी ‘बदली’ कामगार म्हणून गिरणीच्या दारावर उभा राहायचा. कोणी गैरहजर असेल तर त्या दिवशी काम, नाहीतर खोलीवर परत. कधी वर्ष, कधी चार-पाच वर्षे गेल्यावर नाव कायम यादीत लागायचे. त्या दिवशी गावी पत्र जायचे, मनीऑर्डरीची रक्कम वाढायची आणि मुलीकडच्या मंडळींशी बोलणी सुरू व्हायची. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गाळेकऱ्यांत एकाच गावचे, पुष्कळदा एकाच भावकीतले लोक असत. गावात कोणी गेले तर तार त्या खोलीवर यायची आणि वर्गणी काढून एखाद्याला रातोरात एस.टी.त बसवून दिले जायचे. ती तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. ‘कायम’ या शब्दावरचा विश्वास त्याच्या फार आधी, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर उडाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि त्यांतील असंख्य जण पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. आत्यांच्या प्रश्नातली काळजी त्या पिढीची आहे. तिने नोकरी लागलेली पाहिली आणि गेलेलीही पाहिली.

आजच्या पिढीचे टप्पे वेगळे आहेत आणि ते सांगायलाही अवघड आहेत. परिविक्षा काळ संपून स्थायी आदेश हाती पडणे, दहा, वीस, तीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणारा आश्वासित प्रगतीचा लाभ, अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षीचा निरोप समारंभ, हे सरकारी सेवेतले टप्पे सर्वांना कळतात. ‘सीनियर असोसिएट’चा ‘असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट’ झाल्याने नेमके काय बदलले, हे मात्र गावाकडच्या काकांना कळत नाही. पुष्कळदा त्या पुतण्यालाही ते नीटसे सांगता येत नाही. मग प्रश्न पुन्हा मूळपदावर येतो. ‘पेन्शन आहे का?’

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न आजही क्वचितच विचारला जातो. त्याच वर्षश्राद्धाला आलेली एक चुलतबहीण नुकतीच तिच्या कार्यालयात विभागप्रमुख झाली होती. दुपारपर्यंत तिला विचारलेल्या प्रश्नांत मुलाची दहावी होती, सासूबाईंचे गुडघे होते, तिच्या यजमानांची पुण्याला होऊ घातलेली बदली होती. तिच्या पदाविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. निधनवार्तांतही ‘विवाहित कन्या’ ही नुसती संख्या म्हणून येत राहिली आणि हुद्दा आला तो मुलाचा किंवा जावयाचा. अलीकडे ‘मुख्याध्यापिका अमुक यांच्या त्या मातोश्री होत’ अशी वाक्ये दिसू लागली आहेत. ती आणखी दिसायला हवीत.

तेरा दिवस आणि आठ रजा

दिवसकार्याला जाण्यासाठी रजा लागते आणि येथे खरी अडचण सुरू होते. शास्त्र तेरा दिवसांचे आहे. नोकरीचा कायदा मात्र शोकाला वेगळा दिवस देत नाही. खासगी क्षेत्रातील कर्मचाऱ्याला आप्ताच्या मृत्यूनिमित्त स्वतंत्र भरपगारी रजा द्यावी, असा सर्वांना लागू होणारा कायदा आपल्या देशात नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ किरकोळ रजा दिल्या आहेत. वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक हक्काची रजाही मिळते. शोकाचे दिवस त्यांतूनच काढायचे. काही मोठ्या कंपन्या आपल्या नियमावलीत तीन ते पाच दिवस देतात. पण ‘निकटचा आप्त’ याची त्यांची व्याख्या आईवडील, पती-पत्नी, मुले, फार तर सख्खी भावंडे येथे संपते. ज्या काकांनी शिक्षणाचा खर्च केला ते त्या व्याख्येत बसत नाहीत. महालयाच्या नामावळीत बसणारी आत्या मनुष्यबळ विभागाच्या रकान्यात बसत नाही.

परदेशातील मराठी कुटुंबांनाही हे चुकलेले नाही. अमेरिकेत अशा रजेचा देशपातळीवर कायदा नाही. ओरेगॉन राज्याने २०१४ पासून ती लागू केली. ब्रिटनमध्ये अपत्य गमावलेल्या नोकरदार पालकांना दोन आठवड्यांच्या रजेचा हक्क मिळाला तो २०२० च्या एप्रिलपासून. सॅन होजेहून निघालेला मुलगा अंत्यदर्शनाला पोहोचत नाही, दहाव्याला कसाबसा पोहोचतो आणि तेराव्याच्या रात्री विमानतळाकडे निघतो, हे दृश्य आता पुण्यातल्या कोणत्याही सोसायटीत नवे नाही.

व्यवहाराने यातून आपला मार्ग काढला आहे. कोणी तीन दिवसांत सारे उरकते, कोणी दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचे विधी एका दिवसात करून घेते. कर्मठांना हे रुचत नाही. तथापि रजेचा अर्ज घेऊन वरिष्ठांसमोर उभे राहण्याची वेळ ज्याच्यावर येते, त्याला दोष देणे बरोबर नव्हे.

मृत्यू आणि नोकरी यांची सर्वांत विलक्षण गाठ पडते ती अनुकंपा नियुक्तीत. शासकीय कर्मचारी सेवेत असताना गेला, तर त्याच्या पात्र वारसाला गट ‘क’ किंवा गट ‘ड’ मध्ये नोकरी मिळू शकते. त्यासाठी कुटुंबातील इतरांची ना-हरकत लागते. म्हणजे एका भावाच्या आयुष्यातली पहिली नोकरी वडिलांच्या जागी लागते आणि बाकीच्यांनी तिच्यावरचा दावा सोडलेला असतो. ही संमती बहुधा तेराव्याच्या आसपास, सारे एकत्र असतानाच घेतली जाते. पुढे आयुष्यभर त्या भावाला ‘वडिलांच्या जागेवर लागला’ असे ऐकावे लागते. त्याने विभागीय परीक्षा दिली, बढत्या मिळवल्या, तरीही. अशा माणसाला सेवेची दहा वर्षे पूर्ण झाल्याचा आनंद पूर्णपणे स्वतःचा वाटतो का, हे विचारायचे धाडस सहसा कोणी करत नाही.

उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, नियम येथे माहीत असणे उपयोगाचे आहे. १९७२ च्या कायद्याने ती पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळू लागली. त्यामुळे ‘पाच वर्षे झाली’ हा नोकरदारांच्या जगातला एक न साजरा होणारा पण मनात मोजला जाणारा वाढदिवस ठरला. शेवटच्या वेतनाच्या पंधरा-सव्विसांश गुणिले सेवेची वर्षे, असा तिचा हिशेब. कर्मचाऱ्याचा सेवेत असताना मृत्यू झाला तर पाच वर्षांची अट लागू होत नाही, हे मात्र पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. दोन-तीन वर्षेच नोकरी झाली होती, आता काय मिळणार, असे म्हणून ती मागायलाच जात नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांनाही एका वर्षाच्या सेवेनंतर हा लाभ खुला केला. आत्यांच्या ‘काँट्रॅक्ट’ या शब्दाला त्यामुळे थोडासा तरी आधार मिळाला आहे.

ओसरीवरची कागदपत्रे

एकत्र येण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सारे भाऊ-बहीण एका छताखाली पुन्हा कधी जमतील याचा नेम नसल्याने जमिनीचा विषयही त्याच दिवशी निघतो. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते आणि वारसाने हक्क मिळाल्याचे तलाठ्याला तीन महिन्यांत कळवायचे असते. म्हणजे कायद्याची मुदत आणि शोकाचा काळ एकच. त्यातच हक्कसोडपत्राची भाषा होते. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायिक केले, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ते देशभर झाले आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मतःच असल्याचे, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नसल्याचे स्पष्ट केले. तरीही माहेर तुटू नये म्हणून बहिणी सह्या करतात. वर्षानुवर्षांनी भेटलेल्या भावाच्या गळ्यात पडून रडणे आणि त्याच दुपारी हक्कसोडपत्रावर सही करणे, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते आणि एकदा नोंदल्यावर ते मागे घेणे सोपे नसते. वारस नोंद करण्यासाठी मात्र कोणी हक्क सोडण्याची गरज नसते. सर्व वारसांची नावे लागू शकतात आणि बाकीचे पुढे कधीही ठरवता येते.

गोतावळ्याची नोंद ठेवण्याचे काम पूर्वी काही मंडळी व्यवसाय म्हणूनच करीत. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव, आडनाव लावून पाहिले तर पणजोबांच्या हातची सही सापडू शकते. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमाभागात हेळवी घरोघर जाऊन वंशावळ म्हणून दाखवत. गोखले, बापट, परांजपे आदी घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. त्यांत प्रत्येक नावापुढे जन्म, शिक्षण, नोकरी आणि विवाह यांची त्रोटक नोंद असते. निधनवार्तेतल्या त्या शेवटच्या वाक्याचे हे मोठे भावंडच म्हणायचे. आता हे काम व्हॉट्सॲपच्या ‘परिवार’ गटावर आले आहे. बहुतेक गट एखाद्या तेराव्याच्या दिवशीच तयार झालेले असतात. पहिले काही महिने ‘अभिनंदन’ आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एकाखाली एक येत राहतात. नंतर सकाळच्या फुलांचीच चित्रे उरतात.

वर्षश्राद्धाची तारीख ठरवणे हे आणखी एक त्रांगडे. श्राद्ध तिथीने येते आणि चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे इंग्रजी तारखेच्या मानाने ते दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. मध्ये अधिक महिना आला तर सुमारे एकोणीस दिवस पुढे जाते. रजेचा अर्ज मात्र इंग्रजी तारखेने करायचा असतो. तिथी मंगळवारी आली तर विधी दोन-तीन घरच्या माणसांत उरकतो आणि पंगत रविवारी बसते. गावाकडे जायचे तर रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच उघडते. तेव्हा दिवस पंचांगात पाहून, तो रविवार निश्चित करून, सर्वांना दोन महिने आधी कळवणे बरे. कळवण्याच्या यादीत मावस आणि आते भावंडांची नावे राहून जातात. ती आत्यांना विचारून घ्यावीत.